अठ्ठ्याहत्तर मिळवा

आमचे सर कधी कुणावर ओरडले नाहीत. ओरडणारा माणूस परवडला. त्याचं ओरडून झालं की तो मोकळा होतो आणि आपणही. सर चष्मा पुसायचे, हसायचे आणि म्हणायचे, "बाई, तुमचं अगदी बरोबर आहे, फक्त..." आणि तिथे थांबायचे. स्टाफरूममधले सगळे त्या 'फक्त'ची वाट बघत बसायचे. पुढे जे यायचं त्यावर सगळे हसायचे, आणि मीही हसायचे, कारण न हसून जाते कुठे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पनवेलच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवायचे. टेम्पररी. जूनला नवी ऑर्डर, एप्रिलला घरी. सर विभागप्रमुख. विभागात टेम्पररी आम्ही दोघी, मी आणि माझी मैत्रीण. मी तिच्या एक वर्ष आधी लागले होते, म्हणजे सीनियॉरिटी माझी. पुढच्या वर्षी विभागात एक जागा कायम होणार होती, एकच, आणि तिच्यासाठी एम.फिल. लागणार होतं. दोघींनी नाव घातलं. दोघींचे गाइड सरच.

मी करंज्याची कोळीण. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे सगळं त्यावरच गेलं. बापसाची होडी होती, आयस बोंबील सुकवायची. लग्न होऊन पनवेलच्या कोळीवाड्यात आले. सासू बाजारात मासळी विकायला बसायची, नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात कारकून. घरात 'आमी' आणि 'नाय', वर्गात 'आम्ही' आणि 'नाही'. तो एक 'ह' सांभाळता सांभाळता माझी अर्धी अक्कल खर्च झाली असेल. तरी सर महिन्यातून एकदा तरी सगळ्यांदेखत विचारायचे, "काय बाई, आज पापलेट काय भाव?" मी म्हणायचे, सासूबाईंना विचारून सांगते सर. की पुन्हा हशा.

मैत्रीण भटजींची मुलगी. वडील गावात पौरोहित्य करायचे, घरात भिंतीला पंचांग टांगलेलं. बोलायला इतकी मऊ की ऐकायला जवळ सरकावं लागायचं. गोगलगाय आणि पोटात पाय, ही म्हण मी मुलांना दर वर्षी शिकवली, वाक्यात उपयोग करून दाखवला, पण ती माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसून चहात बिस्किट बुडवतेय हे माझ्या डोक्यात आलं नाही.

माझा विषय होता शंभर वर्षांपूर्वी मासिकांतून लिहिणाऱ्या बायका. वाचता वाचता एका जुन्या निबंधाच्या तळटीपेत मला एक ओळ सापडली. बायकांच्या एका मासिकात 'पनवेलचा बाजार' नावाचा लेख आला होता. लेखिकेचं नाव नाही, नुसतं 'एक गृहिणी'. त्यात बाजारातल्या कोळिणींचं वर्णन आहे, असंही टीपेत म्हटलं होतं. आणि पुढे मासिकाचं नाव, माघ महिना आणि शक.

मला काय झालं ते सांगून कळायचं नाही. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्या सासूच्या सासूच्या सासूला पाहिलं होतं आणि पाहून लिहून ठेवलं होतं. आमच्याबद्दल कोण लिहितो? आमच्याकडून घेतात, निवडून घेतात, घासाघीस करून घेतात आणि नाकाला पदर लावून जातात. मी ती ओळ दुसऱ्याच दिवशी सरांना दाखवली. सर म्हणाले, "वा. हा लेख मिळाला तर तुमच्या प्रबंधिकेला काही अर्थ आहे. बाकी सगळं काय, इकडून तिकडून गोळा केलेलं." म्हणजे लेखावर प्रबंधिका आणि प्रबंधिकेवर नोकरी. असं सगळं त्या माघ महिन्यावर येऊन बसलं.

जुनी मासिकं मुंबईला, विद्यापीठाच्या ग्रंथालयात. आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटेल, पण एक लेख शोधणं हे तेव्हा हरवलेलं माणूस शोधण्यासारखं होतं. आधी लाकडी खणांतली कार्डं चाळायची. मासिक ग्रंथालयात आहे का, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत आहे, ते बघायचं. मग चिठ्ठी भरायची, मासिकाचं नाव आणि वर्ष. शिपाई चिठ्ठी घेऊन आत जायचा. आत आपल्याला जायला बंदी. तो कधी खंड घेऊन यायचा, कधी चिठ्ठीवर शेरा मारून आणायचा. बाइंडिंगला गेला आहे. जागेवर नाही. जीर्ण, देता येत नाही. खंड आलाच तर पान उलटताना श्वास धरून उलटायचं, नाहीतर कोपरा हातात येतो. आणि कुठे कुठे लेखच ब्लेडनं कापून नेलेला. असल्या माणसांच्या हातांना काय शिव्या द्यायच्या त्या मी करंज्याच्या भाषेत देत असे, मनातल्या मनात.

आता गोम सांगते. मासिकावर महिना मराठी आणि शक. खंडाच्या पाठीवर मात्र ग्रंथालयानं इसवी सन छापलेला, आणि चिठ्ठीवर तोच लिहावा लागायचा. त्यातून बाइंडरनं बांधताना सगळी मुखपृष्ठं काढून टाकलेली. आत पानाच्या डोक्यावर मासिकाचं नाव आणि महिना एवढंच. शक कुठेच नाही. म्हणजे शकाचा इसवी सन आपण करायचा आणि त्या वर्षाचा खंड मागायचा.

मी स्टाफरूममध्ये सरांना विचारलं, "सर, शकात किती मिळवायचे?"

"अठ्ठ्याहत्तर."

"नेहमी अठ्ठ्याहत्तरच ना?"

"पाठच करून टाका, बाई. अठ्ठ्याहत्तर मिळवा."

मैत्रीण समोर बसून वह्या तपासत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघून हसली आणि पुन्हा खाली घातली.

हे नेहमी अठ्ठ्याहत्तर नसतं. शक बदलतो गुढीपाडव्याला आणि इसवी सन बदलतो जानेवारीत. त्यामुळे पौषाचा शेवट, माघ आणि फाल्गुन जुन्याच शकात राहतात, पण इसवी सन पुढे सरकलेला असतो. त्या महिन्यांना एकोणऐंशी मिळवावे लागतात. ज्याच्या घरात रोज पंचांग उघडतं त्याला हे श्वास घेण्याइतकं ठाऊक. आणि आम्हाला तिथ्या काय कमी पाठ होत्या? कुठल्या तिथीला भरती किती वाजता, उधाण कधी, भांगेची मंद भरती कधी, हे मी बोलायला लागायच्या आधी शिकले असेन. पण आमचं वर्ष नारळी पुनवेला सुरू होतं, होड्या पाण्यात जातात तेव्हा. शक कितवा, हे आमच्या होडीत कधी कुणी विचारलं नाही.

आपापल्या घरून शनिवारी सकाळी निघून आम्ही दोघी एस.टी.नं मुंबईला जायचो. सासू त्या वेळी टोपली भरत असायची. शनिवार तिच्या धंद्याला तसा मंदच, पण तरी तिला माझं जाणं खपायचं नाही. "मेलेल्या बायांचे कागूद शोधाया चालली," शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणायची, "हतं जित्या बाईला पाणी द्याया कोन नाय." मी चपला घालायचे. मनात म्हणायचे, एकदा कायम होऊ दे, मग बघते तुला.

ग्रंथालयाबाहेर एका ओट्यावर आम्ही डबे खायचो. तिची साबुदाण्याची खिचडी, माझी तांदळाची भाकरी आणि सुकट. पहिल्याच शनिवारी ती म्हणाली, "जरा तिकडे तोंड करून उघड हं, उपास आहे माझा." तिनं ते इतक्या प्रेमानं म्हटलं की मीच ओशाळले. त्यानंतर मी शनिवारी बटाट्याची भाजी नेऊ लागले. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

खंड मी पहिल्याच फेरीत मागितला होता. आला. माघाचा अंक काढला, तो आदल्या शकाचा आहे हे मला कुठून कळणार. लेख नाही. म्हटलं अनुक्रम चुकला असेल, पानं मागेपुढे बांधली असतील. सगळा अंक ओळ अन् ओळ वाचला. मग वाटलं, तळटीप लिहिणाऱ्यानं महिना चुकवला असेल. पुढच्या फेऱ्यांमध्ये त्या खंडातले बाराही अंक वाचले. लोणच्याच्या कृती, मुलांच्या आजारावरचे उपाय, सासूशी कसं वागावं यावरचे उपदेश. पनवेलचं नावसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांची आग व्हायची, नाकात जुन्या कागदाची धूळ, आणि मागच्या टेबलावर मैत्रीण शांतपणे काहीतरी उतरवून घेत असायची.

पुढच्या वर्षाचा खंड का नाही मागितलास, असं मला नंतर नवऱ्यानंसुद्धा विचारलं. मागितला होता. एकदा मनात आलं, शेजारचा बघावा. चिठ्ठी भरली. शिपाई ती परत घेऊन आला, वर शेरा, 'वाचनात आहे.' कुणाच्या वाचनात, हे मी वळून बघितलं नाही. मान वळवली असती तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं, पण माणूस मान वळवत नाही.

सोमवारी मी सरांना म्हटलं, "सर, पुढच्या वर्षाचा खंड पण एकदा बघून घेते."

सर हसले. "बाई, गणितात शेजारी डोकावायचं नसतं. अठ्ठ्याहत्तर म्हणजे अठ्ठ्याहत्तर. असं वाहवत गेलात तर प्रबंधिका व्हायची कधी? लिहायला घ्या."

मी लिहायला घेतलं. त्यांनी सांगितलं आणि मी ऐकलं, कारण गाइड म्हणजे देव अशी आमची शिकवण. लेखाबद्दल मी लिहिलं, 'सदर लेख प्रयत्न करूनही उपलब्ध झाला नाही.' तेवढंच खरं होतं. दिवाळीनंतर सरांनी ते प्रकरण तपासून दिलं. त्या वाक्यावर लाल रेघ होती.

"हे असं गुळमुळीत नको," ते म्हणाले. "'उपलब्ध झाला नाही' म्हणजे तुम्ही नीट शोधलं नाही असा अर्थ होतो. तुम्ही सगळा खंड वाचलात ना?"

"हो सर. पानन् पान."

"मग लिहा, 'असा लेख अस्तित्वात नाही, तळटीपकाराची ही निव्वळ चूक आहे.' संशोधकानं ठाम असावं, बाई. घाबरत घाबरत लिहिलं की माणूस कुठून आलाय ते दिसतं."

ते शेवटचं वाक्य बरोबर जिथे लागायला हवं तिथे लागलं. मी घरी आले आणि तेच लिहिलं, ठाम. सरांनी खाली सही केली. मला एम.फिल. मिळालं. मैत्रिणीलाही मिळालं. तिचा विषय जुन्या बाजारपेठांची वर्णनं असा काहीतरी होता. तिनं मला तिची प्रबंधिका दाखवली नाही आणि मीही मागितली नाही. मी कोळीवाड्यात पेढे वाटले. सासूनं पेढा खाल्ला आणि म्हणाली, "गोर हाय." गोड आहे, एवढंच.

कायम जागेचा इंटरव्ह्यू उन्हाळ्यात झाला. प्राचार्यांच्या खोलीत लांब टेबल. प्राचार्य, मॅनेजमेंटचे एक गृहस्थ, बाहेरून आलेले एक तज्ज्ञ आणि आमचे सर. मी निळ्या काठाची सुती साडी नेसले होते. सकाळी दोनदा आंघोळ केली होती, बाजाराचा वास येऊ नये म्हणून. बाजारात मी पाऊलही टाकलं नव्हतं, तरी केली.

आधी नेहमीचे प्रश्न झाले. मी बरी उत्तरं दिली. बाहेरचे तज्ज्ञ माना डोलवत होते, मला धीर आला. मग सरांनी चष्मा पुसला.

"बाई, तुम्ही प्रबंधिकेत लिहिलं आहे की 'पनवेलचा बाजार' हा लेख अस्तित्वात नाही."

"हो सर."

"ठाम?"

मला काही कळेना. हे वाक्य कुणी लिहायला लावलं ते त्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "सर, तुम्हीच तर..." तोवर त्यांनी फाइलमधून झेरॉक्सचे कागद काढून माझ्यापुढे सरकवले होते.

वर मासिकाचं नाव, माघ, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'पनवेलचा बाजार'.

"पुढच्या खंडात होता," सर बाहेरच्या तज्ज्ञांना म्हणाले. "माघाला एकोणऐंशी मिळवावे लागतात, हे शाळेतल्या पोराला कळतं. आमच्या बाईंना तिथी येते, पण मासळीपुरती."

सगळे हसले. प्राचार्य हसू लपवायला पाणी प्यायले. मी हसले नाही. आयुष्यात पहिल्यांदा सरांच्या बोलण्यावर हसले नाही, आणि तेही त्यांनी टिपलं.

"वाचा ना," ते म्हणाले. "इतके दिवस शोधत होतात. दुसरा परिच्छेद. मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू दे."

मी वाचलं. वाचायला नको होतं, उठून जायला हवं होतं, हे सगळं नंतर सुचतं. तेव्हा समोरून वाचा म्हटलं की विद्यार्थी वाचतो, तशी मी वाचत गेले. त्या गृहिणीनं लिहिलं होतं की पनवेलच्या बाजारातल्या कोळिणी तोंडाच्या फाटक्या असतात. भाव विचारला आणि घेतलं नाही तर सात पिढ्यांचा उद्धार करतात. त्यांच्या अंगाच्या वासानं घरी येऊन डोक्यावरून पाणी घ्यावं लागतं. एका शब्दावरून भर बाजारात एकमेकींच्या झिंज्या धरून लोळतात, म्हणून कुलीन स्त्रियांनी तिकडे स्वतः न जाता गड्याला पाठवावं. पुढेही होतं. मी सगळं वाचलं, एकही 'ह' न सोडता. हिच्यासाठी मी शनिवारमागून शनिवार डोळे फोडले होते. ही सापडावी म्हणून मी खंडोबाला नारळ बोलले होते.

वाचून झालं. तज्ज्ञ खाली बघत होते. सर म्हणाले, "वाचन छान आहे तुमचं. या तुम्ही."

बाहेर बाकावर मैत्रीण बसली होती, पुढचा नंबर तिचा. माझा चेहरा बघून तिनं जागा करून दिली. मी उभीच राहिले.

"तो लेख तू काढलास?"

"हो अगं," ती म्हणाली. "माझ्या विषयातच येत होता ना बाजार."

"कधी?"

"दिवाळीच्या आधी. सरांना लगेच दाखवला. झेरॉक्सला गाइडची सही लागते ना."

दिवाळीच्या आधी. आणि माझ्या वाक्यावर लाल रेघ दिवाळीनंतर. म्हणजे लेख टेबलाच्या खणात ठेवून त्या माणसानं मला 'अस्तित्वात नाही' लिहायला लावलं होतं. सीनियर बाईला डावलायचं तर काहीतरी कारण लागतं, ते त्यानं माझ्याच हातून लिहून घेतलं, माझ्याच अक्षरात. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे.

"मी अठ्ठ्याहत्तर म्हणत होते तेव्हा तू समोर होतीस," मी म्हटलं.

"हो."

"तुला माहीत होतं."

तिनं पदर सारखा केला. "तू मला कुठे विचारलंस? सरांना विचारलंस. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं." आणि मग, खरंच काळजी वाटल्यासारखी, "पाणी पितेस का? माझ्याकडे बाटली आहे."

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं आणि ती आत गेली. जागा तिला मिळाली.

घरी येऊन मी सासूला एवढंच सांगितलं की नाही झालं. ती मासे धुवत होती. तिनं हात थांबवले नाहीत. "बरा झाला," म्हणाली. "आता उद्यापास्ना माझ्यासंगती बस. माझी कंबर नाय चालत." नवऱ्यानं पेपर उघडला. वेळेवर तो कधीच काही बोलत नाही, त्याचा मला त्या दिवशी सगळ्यांत जास्त राग आला.

त्या पावसाळ्यात मी बाजारात बसले. ताजी मासळी नसते तेव्हा, सुकट, बोंबील, सोडे. माझ्या वर्गातल्या मुली आयांबरोबर यायच्या, मला बघून आईचा हात ओढून दुसऱ्या रांगेला न्यायच्या. एक दिवस सर आले. शाकाहारी माणूस, भाजीबाजार पलीकडे, त्यांना आमच्या रांगेत यायचं काही कारण नव्हतं. छत्री मिटून उभे राहिले, तसेच हसत. "काय बाई, काय भाव?"

सासूला काय ठाऊक. गिऱ्हाईक समजून तिनं भाव सांगितला. सर म्हणाले, महाग आहे, आणि गेले. सासूनं त्यांच्या पाठीवर सात पिढ्यांचा उद्धार केला, तो मी समाधानानं ऐकला. त्या सगळ्या वर्षात मला मिळालेला तेवढाच न्याय.

पुढे कळंबोलीच्या एका शाळेत जागा निघाली आणि मी लागले. पाचवी ते सातवीला मराठी. त्यातच राहिले. सर रिटायर झाले, मैत्रीण विभागप्रमुख झाली. रस्त्यात भेटली की थांबायची, माझ्या मुलाची चौकशी करायची. तिच्याशी भांडायला मी शब्द जुळवून ठेवले होते, पण इतकं गोड विचारणाऱ्या बाईच्या तोंडावर ते टाकता येत नाहीत. ती माझीच हार.

नव्वदचं दशक सरत आलं असेल, तेव्हा तिचं पुस्तक निघालं, जुन्या बाजारपेठांवरचं. मला त्याचा पत्ता नव्हता. एका दुपारी शाळेतून आले तर सासू दारात बसलेली, धुतलेले हात पदराला पुसून मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी धरलेली. बाजारातून ती एवढ्या लवकर कधी यायची नाही.

"तुझी ती मैतरीन आली होती बाजारात," म्हणाली. "बामनाची. मासली नाय घेतलीन. हा दिलान. म्हनली, मावशी, तुमच्या सुनेचं नाव माझ्या पुस्तकात आलंय हो."

पिशवीत पुस्तक होतं. एका पानात उदबत्तीची काडी घालून ठेवलेली. बाजारात पावत्या फाडणारा म्युनिसिपालटीचा माणूस हाच त्या रांगेतला वाचणारा, त्याच्याकडून तिनं नाव शोधून घेतलं होतं. मग सगळ्या रांगेला दाखवलं. टोपलीमागची एकूण एक बाई बघून गेली, असं तिनं मला सांगितलं. इतकी वर्षं माझ्या शिक्षणाला नाकं मुरडणारी माझी सासू, तिचा चेहरा असा फुललेला मी माझ्या मुलाच्या बारशालासुद्धा पाहिला नव्हता.

मी पान उघडलं. 'पनवेलचा बाजार' हा दुर्मीळ लेख प्रथमच उजेडात आणताना, असं वर होतं. खाली बारीक अक्षरात तळटीप होती. हा लेख अस्तित्वातच नाही असा चुकीचा व घाईचा निष्कर्ष काढला गेला होता, पाहा, आणि पुढे माझं नाव. माझं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं पूर्ण. माझं नाव छापलेलं पुस्तक जगात तेवढं एकच आहे.

"काय लिवलंय गो तुझ्याबद्दल?" सासूनं विचारलं. दारात शेजारच्या दोघी येऊन उभ्या होत्या.

मी वाचते आहे असं दाखवत राहिले. खरं सांगितलं असतं तर माझी सासू तशीच उठली असती. तिची कंबर चालत नव्हती तरी उठली असती. मैत्रीण रोज कॉलेज सुटल्यावर बाजारावरूनच जायची. तिला गाठून भर बाजारात तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, तोंडाला येईल ते बोलली असती, आणि सगळ्या रांगेनं तिला साथ दिली असती. माझ्यासाठी एवढं करणारं दुसरं माणूस मला नाही. आणि ते बघायला अर्धं पनवेल जमलं असतं, आणि त्या गृहिणीनं शंभर वर्षांपूर्वी जे लिहून ठेवलं होतं ते शब्दन् शब्द खरं ठरलं असतं.

"चांगलं लिहिलंय," मी म्हटलं.